डोंबिवली ते देवळाली : कोड्यांचं एक दालन

जॉन स्पिल्सबरी हा लंडनमधला नकाशे कोरणारा कारागीर. १७६०च्या दशकात त्याने नकाशे महोगनीच्या पातळ फळ्यांवर चिकटवले, बारीक करवतीने देशांच्या सीमांवरून कापले आणि सुटे तुकडे पेटीत घालून विकायला ठेवले. सुखवस्तू घरातल्या मुलांना भूगोल शिकवण्याची ती सोय होती. स्पेन कुठे आहे हे ठाऊक असल्याशिवाय फ्रान्स जागेवर बसत नाही, त्यामुळे नकाशा पाठ करण्याऐवजी मूल तो हाताने शिके. जिगसॉ पझलचा धंदा साधारण इथून सुरू झाला असं मानतात. सुरुवातीच्या तुकड्यांना एकमेकांत अडकणाऱ्या खाचा फारशा नसत. टेबलाला धक्का लागला की सगळा युरोप विस्कटे. खाचा पुढे आल्या, लाकडाच्या जागी पुठ्ठा आला, किंमत उतरली. १९३३च्या सुमाराला मंदीने अमेरिकेतली माणसं घरी बसवली, तेव्हा तिथे आठवड्याला एक कोटीच्या घरात जिगसॉ खपत होते.

आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात महाराष्ट्राचा असा नकाशा मिळतो. एक जिल्हा म्हणजे एक तुकडा. १९६० साली राज्य झालं तेव्हा हे कोडं २६ तुकड्यांचं होतं, आज ते ३६ तुकड्यांचं आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. त्याआधीची पेटी घरात असेल तर तिच्यातला ठाण्याचा तुकडा जरा हातात घ्या. वर गुजरातला टेकलेले तलासरी-डहाणू, खाली कल्याण आणि मुरबाड, पश्चिमेला खाडी आणि समुद्र. संख्यांच्या कोड्यांत रमलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म या तुकड्यावरचा, माध्यमिक शिक्षण याच तुकड्यावरचं, आणि त्यांच्या सर्वांत देखण्या संख्यांना नाव मिळालं तेही याच तुकड्यावरच्या एका स्टेशनाचं.

कापरेकरांकडे जाण्यापूर्वी कोड्यांच्या संग्रहालयांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण अशा संग्रहालयाची एक मूळ अडचण आहे. फिलिपाइन्समध्ये तागायताय इथे जॉर्जिना गिल-लाकुना या बाईंनी आपल्या जिगसॉंसाठी ‘पझल मॅन्शन’ नावाचं संग्रहालय उभं केलं. २०१२ साली त्यांच्या १,०२८ जिगसॉंची गिनीज बुकात नोंद झाली. हे सगळे जिगसॉ जोडून, चौकटीत बसवून भिंतींवर लावलेले. त्यामागे किती रात्री गेल्या असतील याचा विचार केला तर बाईंबद्दल आदरच वाटतो. पण पाहणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? चित्रं. जोडून संपलेलं कोडं भिंतीवर गेलं की ते निसर्गदृश्य होतं, किल्ल्याचं चित्र होतं, कोडं राहत नाही. कोड्यातली सगळी मजा तुकडा हातात असताना आणि जागा सापडत नसताना असते.

जर्मनीतल्या गीसन शहरात गणिताचे प्राध्यापक आल्ब्रेख्त बॉयटेलस्पाखर यांनी २००२ साली ‘माथेमाटिकुम’ काढलं ते ही अडचण ओळखून. तिथे वस्तू काचेआड नाहीत, सगळं हाताळायचं. त्यातलं एक कोडं फक्त दोन तुकड्यांचं आहे. दोन्ही तुकडे अगदी सारखे, आणि ते जोडून त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड करायचा. दोनच तुकडे, म्हणजे चुटकीसरशी होईल असं वाटतं. प्रत्येक तुकड्याला एक चौरस बाजू आहे. माणूस चौरसावर चौरस ठेवतो, आणि पिरॅमिड काही होत नाही. एक तुकडा चौरसावरच काटकोनात फिरवला की झाला. हात तो फिरवायला तयार होत नाहीत, एवढंच ते कोडं. आलेला प्रत्येकजण ते मोडून पुढच्याच्या हाती देतो, म्हणून वर्षानुवर्षं ते ताजं राहतं.

माझं म्हणणं असं आहे की अशा ताज्या राहणाऱ्या कोड्यांचा मोठा ठेवा आपल्या मध्य रेल्वेच्या एका मार्गावर पडला आहे. त्याचं दालन करायचं तर ते डोंबिवलीत व्हावं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आई गेली तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. आकडेमोडीची गोडी लागली ती वडिलांच्या ज्योतिषातून. ठाण्याच्या शाळेत ती कोडी सोडवण्यात मुरली आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात तिला दाद मिळाली. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी असलेलं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ साली ते पदवीधर झाले, पुढची पदवी घेतली नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. ठाणे, डोंबिवली, कल्याण, मग कसारा, घाट चढून इगतपुरी आणि पुढे देवळाली. डहाणू सोडलं तर या माणसाचं निम्मंअधिक आयुष्य एका रेल्वेमार्गावर मावतं.

मुंबईपासून ३० मैलांवरच्या डोंबिवलीचं नाव, मध्य रेल्वेला जी. आय. पी. रेल्वे म्हणत त्या काळात, ‘डेमलो’ असंही घेतलं जाई. त्या स्टेशनात कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा विचार सुचला आणि त्यांनी त्यांना डेमलो संख्या म्हटलं. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांनी त्यांवर लिहिलं आणि १९३९ साली के. आर. गुंजीकरांबरोबर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांचा सिद्धान्त मांडला.

या संख्या अक्षरशः तुकड्यांच्या असतात. २५५३ घ्या. डावा तुकडा २, उजवा तुकडा ३, मध्ये ५५. टोकांची बेरीज ५, आणि मध्ये तोच ५ पुन्हापुन्हा. १७७६ घ्या : टोकांना १ आणि ६, मध्ये ७७. तुकडे मोठेही चालतात. १४, मग ९९९९, मग ८५; चौदा आणि पंच्याऐंशी नव्याण्णव, आणि मध्ये नवांची रांग. डावा, मधला, उजवा, तिघे एकमेकांशी असे बांधलेले की एक हरवला तरी उरलेल्या दोघांवरून तो शोधता येतो. २४ हा डावा तुकडा आहे, मध्ये ८८८ आहे, उजवा तुकडा सांगा. तिसरी-चौथीतलं पोर हे पाटीवर करील. चौसष्ट.

त्यातल्या काहींना कापरेकरांनी ‘वंडरफुल’ म्हटलं, आणि हे विशेषण अतिशयोक्तीचं नाही. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ती माळ आहे. या सगळ्या एकांच्या रांगेच्या वर्गसंख्या : ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. असं का होतं हे कळायला सूत्र लागत नाही, शाळेत गुणाकार मांडतो तसा मांडायचा. १११च्या तीन ओळी, प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे. उजव्या टोकाच्या घरात एकच १ येतो, पुढच्या घरात दोन, मधल्यात तीन, आणि मग पुन्हा दोन, एक. तो जिना आपोआप बांधला जातो. आता डेमलोची अट लावून पाहा. १२३२१चे तुकडे १२, ३ आणि २१. बारा आणि एकवीस तेहेतीस, मध्ये ३. १२३४३२१चे तुकडे १२३, ४ आणि ३२१. बेरीज ४४४, मध्ये ४. नऊ एकांच्या वर्गापर्यंत हे बिनचूक चालतं : १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडचे आठ अंक आणि उजवीकडचे आठ अंक मिळवले की आठ नव. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा डावीकडे जातो आणि जिन्याच्या पायऱ्या ढासळतात. कुठे ढासळतात हे स्वतः गुणाकार करून पाहण्यासारखं आहे. दालनात या ठिकाणी लाकडी ठोकळे असावेत आणि मुलांनी तो हातचा हाताने उचलून नेऊन ठेवावा.

डोंबिवलीपुढे कल्याण. इथे एक मार्ग कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कापरेकरांच्या संख्यांतही जंक्शन आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली तर २ आणि १ तीन, म्हणजे २४. २४ला ६ मिळवले की ३०. अशी गाडी पुढे जात राहते. आता ९१वरून निघा : नऊ आणि एक दहा, म्हणजे पुढचं स्टेशन १०१. आणि १००वरून निघालात तर? एकच मिळवायचा, पुन्हा १०१. वेगवेगळ्या दोन मार्गांवरच्या गाड्या १०१वर एकत्र आल्या आणि तिथून पुढे १०३, १०७, ११५, १२२ असा दोघींचा एकच मार्ग. अशा संख्येला कापरेकरांनी जंक्शन संख्या म्हटलं. १०१ हे सगळ्यांत लहान जंक्शन, शंभरच्या आत एकही नाही. ज्याचं आयुष्य या रेल्वेमार्गावर गेलं त्याला हा शब्द शोधायला लांब जावं लागलं नसेल.

याच्या उलट काही स्टेशनांत कुठूनच गाडी येत नाही. २० घ्या. कोणत्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की २० होतात? १४चे १९ होतात, १५चे २१, १६चे २३. २० कशाचेच होत नाहीत. शंभरच्या आत अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं, १९६३ साली त्यांच्यावर पुस्तिका काढली. देवळालीवरून त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. १९७४ साली कोलंबियाच्या बेर्नार्दो रेकामान यांनी ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त हाच प्रश्न विचारला आणि जगात बऱ्याच ठिकाणी या संख्या कोलंबियन म्हणून ओळखल्या जातात. मराठी पुस्तकांत तरी आपण त्यांना देवळालीच म्हणत राहायला हवं.

देवळालीचं सगळ्यांत प्रसिद्ध कोडं मात्र ६१७४. कापरेकरांनी ते १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने लावायचे, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. मध्ये कधी उत्तर तीनच अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करायचे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

ठाण्यात बसून करायचं तर १८५३ घ्यावं. त्या वर्षीच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. ८५३१ वजा १३५८, ७१७३. ७७३१ वजा १३७७, ६३५४. ६५४३ वजा ३४५६, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. पाच पायऱ्या. आता कापरेकरांचं जन्मसाल, १९०५. ९५१० वजा ०१५९, ९३५१. ९५३१ वजा १३५९, ८१७२. तिथून ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या, म्हणजे सगळ्यांत लांबचा प्रवास. कापरेकर १९८६ साली देवळालीत वारले. ९८६१ वजा १६८९ केलं की पहिल्याच पायरीला ८१७२ येतो. जन्मसालाची गाडी आणि मृत्युसालाची गाडी त्या ८१७२वर एकत्र येतात आणि पुढचा मार्ग दोघींचा एकच.

हे का होतं, हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि त्याचं अर्धं उत्तर तरी द्यायला हवं. उतरत्या क्रमात अंक अ, ब, क, ड असे लावले, तर वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क) एवढं येतं. म्हणजे चार अंक स्वतः काय आहेत याला महत्त्व राहत नाही. टोकांच्या दोघांतलं अंतर आणि मधल्या दोघांतलं अंतर एवढंच पुढे जातं. टोकांचं अंतर १ ते ९, आणि मधल्यांचं अंतर त्याहून जास्त असू शकत नाही. मोजलं तर अशा जोड्या फक्त ५४. सुरुवातीला जवळजवळ दहा हजार संख्या होत्या, पहिल्या वजाबाकीनंतर ५४ उरल्या. ५४ संख्यांचा नकाशा एका भिंतीवर काढता येतो, कोणती कुठे जाते याचे बाण दाखवता येतात, आणि सगळे बाण शेवटी एकाच घरात शिरतात. दालनाची मुख्य भिंत ती असावी. पाहुण्याने आपलं साल किंवा गाडीच्या पाटीवरचा नंबर घ्यावा आणि खडूने आपली वाट आखावी. संध्याकाळी भिंत पुसावी.

प्रत्यक्ष फाटलेल्या तुकड्यांचं कोडंही या दालनात हवंच. हेन्री डुडनी हा इंग्लंडमधला कोडीकार. त्याच्या एका कोड्यात ३०२५ लिहिलेली चिठ्ठी मधोमध फाटते, ३० एकीकडे आणि २५ दुसरीकडे. दोन्ही मिळवले की ५५, आणि ५५चा वर्ग ३०२५. चारही अंक वेगवेगळे असलेली अशी दुसरी संख्या त्याने वाचकांना शोधायला लावली. ९८०१ : अठ्ठ्याण्णव आणि एक नव्याण्णव. डुडनीने एक चिठ्ठी फाडली. कापरेकरांनी अशा संख्यांचा सगळा वर्गच धुंडाळला, आणि जग त्यांना आज कापरेकर संख्या म्हणतं. २९७चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ पुन्हा २९७. ४५चा वर्ग २०२५. नुकतंच होऊन गेलेलं २०२५ हे साल त्यामुळे असं तुकड्यांत मोडून पुन्हा जुळणारं होतं. मधोमध मोडून असंच जुळणारं पुढचं साल ३०२५.

व्यावसायिक गणितज्ञांपैकी अनेकांनी हे सगळं क्षुल्लक मानलं. त्यांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे : हे गुण संख्यांचे नसून दहाच्या पायावर त्या लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचे आहेत. पाया बदलला की ६१७४चं राज्य संपतं. कापरेकरांचं बरंचसं लेखन साध्या नियतकालिकांत आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांत राहिलं. निवृत्तिवेतन पुरेना म्हणून म्हातारपणी ते शिकवण्या करत होते. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला हा माणूस कळला. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. मुद्दा खरा असला तरी कोड्यांच्या दालनासाठी तोच गुण ठरतो. हे गणित करायला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, आणि कुणीही कितीही वेळा केलं तरी पुढच्यासाठी ते न जोडलेलंच राहतं.

अशा गोष्टी सरकारने कराव्यात म्हणून थांबण्याची या पट्ट्याची रीत नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघालं, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी एक. गणितासाठी जागा देण्याची परंपरा तर महाराष्ट्रात याहून कितीतरी जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि त्याच्या खर्चाची तरतूद शिलालेखात कोरून ठेवली.

त्या मानाने इथली मागणी फार छोटी आहे. एखाद्या वाचनालयाने एक खोली द्यावी. तिच्यात एक मोठा फळा, लाकडी ठोकळ्यांचे काही संच, दोन तुकड्यांचा तो पिरॅमिड आणि महाराष्ट्राचे दोन नकाशे, एक २६ तुकड्यांचा आणि एक ३६ तुकड्यांचा. स्टेशनाच्या फलाटावर १२३२१ आणि त्याखाली कापरेकरांचं नाव अशी पाटी लागावी, शाळांच्या सहली ठाण्याहून लोकलने येऊन कल्याणपर्यंत जाव्यात. डोंबिवलीतल्या शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी हे मनावर घ्यावं. खोली मिळेपर्यंत वर्गातला फळा आहेच : उद्या मुलांना आपापलं जन्मसाल लिहायला सांगा आणि सात वजाबाक्या करू द्या.